बांगड्यांचा आहेर

आज थोडा आपल्या चळवळीचा इतिहास, पण सुरुवात आमच्याच चुकीपासून.

पाण्यासाठी आम्ही एकदा मोर्चा नेला. साहेब भेटले नाहीत, म्हणून त्यांच्या टेबलावर बांगड्या ठेवल्या. 'काम जमत नसेल तर या भरा!' टाळ्या पडल्या. घरी येताना मनात आलं, आमचे हात तर बांगड्यांनी भरलेले. मग कमीपणा कुणाला दिला?

'बायल्या' ही शिवीही तशीच. मुलगा बाईसारखा वागला की त्याची पत गेली, कारण बाईचीच पत नाही.

लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचा जन्म १९७८ साली ठाण्यातला. लहानपणी त्यांना नाचायची आवड. नाच बायकी, म्हणून लोक चिडवायचे. पुढे त्या भरतनाट्यम शिकल्या, हिजडा समाजात गेल्या. त्यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन २०१२ साली मराठीत आलं.

आपल्या गडचिरोलीकडच्या मथुरेवरच्या अत्याचाराच्या निकालानं बायका पेटून उठल्या आणि १९८० साली मुंबईत त्यांची राष्ट्रीय परिषद भरली. 'बाईचं शरीर बाईचं' हे आपण त्या काळात शिकलो. पण तृतीयपंथी स्त्री दाराशी आली, तेव्हा काहीजणी म्हणाल्या, 'साडी, गजरा, ठुमका ही तर आमची बेडी. तुम्ही तीच हौसेनं का घालता?' साधे कपडे घालून आली, तर 'ही बाई कुठली?' सून म्हणून आपणही हेच सोसलंय. नटली तर थिल्लर, न नटली तर अवलक्षणी.

२००५ साली राज्यात डान्स बारवर बंदी आली, तेव्हाही हाच पेच. काही संघटना म्हणाल्या, हा नाच म्हणजे शोषण. काही म्हणाल्या, नाचणारीची चूल कोण पेटवणार? लक्ष्मी नाचणाऱ्या मुलींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्या खटल्यात लक्ष्मीही होत्या.

बेडी नको म्हणणं बरोबरच. पण बेडी असते सक्तीत, गजऱ्यात नाही. ठाणे-कल्याण लोकलमध्ये टाळी वाजवत कुणी आली, तर तिच्या साडीला हसण्याआधी एवढं आठवूया. आणि पुढच्या मोर्चाला आपण अर्ज नेऊ, घागरी नेऊ. बांगड्या मात्र आपल्या हातातच राहू द्या.