बिझी आहे, पण कोण?

मंडळी, लिनक्सवर डिस्क काढायला जावं आणि यंत्राने 'टार्गेट इज बिझी' म्हणून हात झटकावेत, हे तुमच्याही वाट्याला आलं असेल. बिझी आहे एवढं सांगतं, कोणामुळे ते मात्र नाही! हे असं का, ते शोधताना मी थेट जुन्या युनिक्सपर्यंत जाऊन पोचलो.

'यूमाउंट' ही आज्ञा (त्यात 'एन' नाही बरं का!) १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये आहे. पुढे पीडीपी-११ यंत्रांवर आरके०५ सारख्या तबकड्या खरोखरच उचलून काढायच्या असत. एकीत मावायचे जेमतेम अडीच मेगाबाइट. कर्नल बरंचसं लिखाण आधी मेमरीत ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. मधेच तबकडी काढली की फायलींचा हिशेब बिघडलाच. म्हणून नकार हवाच.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीचा कोड पाहिला की उलगडा होतो. वापरात असलेल्या फायलींचा तक्ता कर्नल वरून खाली चाळतो. त्या डिस्कवरची एक जरी फाईल सापडली, की तिथेच थांबून चूक क्रमांक १६, 'ईबिझी', परत! फाईल किती ठिकाणी धरलेली आहे याचा आकडा त्या तक्त्यात असतो, कोणी धरली ते नसतं. मंगल कार्यालयाला कुलूप लावायला आलेल्या माणसाने दारात चपला बघून परत फिरावं, तसंच हे. चपला कुणाच्या, ते विचारायचंच नाही.

नावं हवीत तर उलटीकडून जावं लागतं: एकेका प्रोसेसला गाठून 'तुझ्या हातात काय?' असं विचारायचं. सिस्टिम फाइव्हमधलं 'फ्यूजर' आणि पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक्टर एबल यांचं 'एलएसओएफ' हेच करतात. फ्यूजरच्या उत्तरात 'सी' हे अक्षर दिसलं, तर ती प्रोसेस त्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये नुसती उभी आहे. बहुधा विसरलेली टर्मिनलची खिडकी.

२००१ मध्ये लिनक्स २.४.११ मध्ये 'लेझी' यूमाउंट आलं. त्यात डिस्क लगेच दिसेनाशी होते, पण खरी सुटते ती शेवटची प्रोसेस बाहेर पडल्यावर. दिसत नाही म्हणून उपटली, की घात!

माझा मामेभाऊ एकदा म्हणाला, "एवढं कशाला? ओढ की सरळ!" फ्यूजर चालवलं तर 'सीपी' हे नाव आलं. आजीचे जुने फोटो अजून डिस्कवर उतरतच होते. आम्ही चहा टाकला आणि थांबलो.