उडालेल्या रंगाचा माग

शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मोटारीला रंग देणं हे घोडागाड्या बनवणाऱ्यांकडून वारशानं आलेलं काम होतं. ब्रशनं व्हार्निशचा थर द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, घासायचं, मग पुढचा थर. एक गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे लागत. रंग सांडे, ओघळे, त्यावर धूळ बसे. पण शेजारच्या गाडीवर उडत नसे.

तो उडायला लागला स्प्रे गनमुळे. या गनचं मूळ गॅरेजमध्ये नाही, दवाखान्यात आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डेव्हिल्बिस यांनी रुग्णाच्या घशात औषध फवारण्यासाठी एक साधन तयार केलं होतं. त्यांचा मुलगा टॉमस यानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेच तत्त्व रंगाला लावलं. मोटारीसाठी या स्प्रे गनच्या जोडीचा रंग मिळाला १९२३ मध्ये. ड्युपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सनं ओकलंड गाड्यांवर वापरला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे फर्निचरवाले आजही ‘ड्युको करून देतो’ म्हणतात, ते याच नावावरून.

वेग आला, आणि त्याबरोबर रंगाचं धुकंही. जुन्या पद्धतीच्या गनमधून निघालेल्या रंगातला निम्म्याहून अधिक पत्र्यावर बसतच नसे. तो हवेत जाई. लॅकर असेल तर त्रास कमी, कारण त्याचे थेंब उडता उडताच वाळतात आणि भुकटी होऊन पडतात. एनॅमल आणि पुढे आलेले हार्डनरचे टू-के रंग मात्र ओलसर अवस्थेतच दुसऱ्या गाडीवर पोचतात आणि तिथे चिकटून कडक होतात. दिसायला काहीच नसतं. बोनेटवरून हात फिरवला की खरखर लागते, तेव्हा कळतं.

पहिला उपाय अर्थातच झाकण्याचा. १९२०च्या दशकात दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली, तेव्हा रंगारी वर्तमानपत्रं डिंकानं किंवा कडक चिकटपट्टीनं लावत आणि काढताना ताजा रंगही सोलून निघे. थ्री-एम कंपनीचा तरुण कर्मचारी रिचर्ड ड्रू वॉटर पेपरचे नमुने घेऊन सेंट पॉलमधल्या अशाच एका गॅरेजमध्ये गेला होता. रंगाऱ्यांचा वैताग त्यानं पाहिला आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही गॅरेजमध्ये काचेवर वर्तमानपत्र आणि कडेनं पिवळसर टेप दिसते, ती पद्धत तेव्हापासूनची.

पण झाकायची ती आपल्या हातातली गाडी. पूल किंवा पाण्याची टाकी रंगवताना वारा फिरला, तर खालच्या रस्त्यावर उभी असलेली गाडी कोण झाकणार? तिच्यावर पडलेला रंग काढण्यासाठी वर्षानुवर्षं हाताशी होती ती जालीम साधनं. थिनरनं नवा ठिपका विरघळे, पण खालचा रंग लॅकरचा असेल तर तोही विरघळे. काचेवर साबणपाणी लावून ब्लेड चालवता येई, पत्र्यावर ते चालवणं म्हणजे चरे ओढून घेणं. राहिलं रबिंग कंपाउंड. त्यानं ठिपका जाई, पण त्याच्या भोवतालचा चांगला रंगही झिजे. आजच्या गाड्यांवरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो असा झिजवत राहणं परवडणारं नव्हतं.

यातून सुटका झाली जपानमध्ये. तिथे रेल्वेच्या चाकांतून आणि ब्रेकांतून उडणारी लोखंडाची पूड हीदेखील गाडीमालकांची जुनी डोकेदुखी. तादाओ कादाते यांनी पॉलिब्युटीनसारख्या मऊ रेझिनमध्ये अतिशय बारीक घासणारे कण मळून एक लवचिक गोळा तयार केला. त्याचं अमेरिकी पेटंट १९९५ चं. हीच क्ले. तिची खुबी साधी आणि फार सुंदर आहे. उडालेला ठिपका रंगात मुरलेला नसतो, वर उंचवट्यासारखा उभा असतो. क्ले सपाट भागावरून घसरत जाते आणि उंचवट्याला अडते, कातरते, आपल्यात ओढून घेते. कंपाउंड सगळीकडे सारखंच खातं. क्ले नेमकं जास्तीचं तेवढं उचलते.

मात्र पाण्याविना ती चालवली, तर तीच चरे पाडते. गाडी आधी धुवायची, सावलीत थंड होऊ द्यायची, पत्र्यावर शाम्पूचं पाणी भरपूर ठेवायचं. क्लेची चपटी वडी दोन-तीन बोटांखाली धरून हलकेच, सरळ रेषेत फिरवायची. सुरुवातीला ती अडखळते, मग गुळगुळीत सरकू लागते. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून चाचपलं तर उरलेली खरखर स्पष्ट लागते. वडी पुन्हा पुन्हा मळून स्वच्छ बाजू वर आणायची, आणि जमिनीवर पडली तर टाकूनच द्यायची, कारण तिनं उचललेली वाळू परत काढता येत नाही. शेवटी पॉलिश आणि वॅक्स, कारण क्लेबरोबर जुनं वॅक्सही निघून जातं.

जपानमध्ये क्ले आली, त्याच सुमारास मुळात उडणाराच रंग कमी करण्याची सक्ती कॅलिफोर्नियात झाली. कारण गाड्यांचं नव्हतं, लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं होतं. तिथल्या हवा-नियंत्रण विभागानं किमान ६५ टक्के रंग कामावर बसला पाहिजे, असा दंडक घातला आणि कमी दाबाच्या एचव्हीएलपी गन गॅरेजांत आल्या. पुढे क्लेच्या पेटंटची मुदत संपली, अनेक कंपन्यांची क्ले बाजारात आली आणि पाठोपाठ रबरी पॉलिमरचा थर दिलेले हातमोजे आले. हा मोजा खाली पडला तर धुऊन पुन्हा वापरता येतो.