खुलताबाद : एका कबरीपलीकडचे गाव

खुलताबादविषयी विचारले की विद्यार्थ्यांकडून आम्हाला एकच उत्तर मिळते : औरंगजेबाची कबर. २०२५ साली वर्तमानपत्रांनीही तेच गिरवले. वास्तविक दौलताबाद आणि वेरूळ यांच्यामधले हे गाव त्या कबरीहून पुष्कळ जुने. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीहून सूफीही आले. त्यांतले हजरत बुरहानुद्दीन गरीब इथेच विसावले. पुढे खानदेशात बुरहानपूर वसले ते त्यांच्याच नावाने. हजरत निजामुद्दीन औलियांची वचने टिपून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्जी इथलेच झाले. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, त्याची कबरही इथे आहे. या दर्ग्यांमुळे गावाला रौजा म्हणत.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे हजरत जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. 'खुल्द-मकान' या त्याच्या मरणोत्तर पदवीवरून गाव खुल्दाबाद झाले. याच गावात भद्रा मारुतीला शनिवारी भाविकांची गर्दी असते.

सहलीला निघताना आम्ही मुलांना सांगतो, बादशहाची कबर शेवटी पाहू. तोसुद्धा इथे फकिरांच्या शेजाराला आला होता.