गतकाळाचे गायक

१९६९ च्या ऑक्टोबर महिन्याची १८ तारीख. न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विख्यात वास्तूच्या फेल्ट फोरम नावाच्या लहान सभागृहात एक जलसा भरला होता. रिचर्ड नेडर या तरुण संयोजकाने त्याची जाहिरात केली होती ती ‘रॉक अँड रोल’ संगीताचे पुनरुज्जीवन म्हणून. गंमत अशी की, ज्याचे पुनरुज्जीवन करावयाचे ते संगीत उणेपुरे पंधरा वर्षांचे होते! बिल हेली रंगमंचावर आला तेव्हा सारे सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट आठ मिनिटांहूनही अधिक काळ चालला, असे सांगतात. हेली त्या वेळी ४४ वर्षांचा होता. श्रोतेहो, माझे वयही जवळपास तेवढेच आहे. सरकारी नोकरीत या वयाच्या माणसाला अजून कोणी ज्येष्ठ म्हणत नाही. परंतु लोकप्रियतेच्या राज्यात सेवानिवृत्तीचे वय फार लवकर येते.

हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गाणे १९५४ च्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित झाले. पुढल्या वर्षी ते एका चित्रपटात आले आणि जुलैपर्यंत अमेरिकेत अग्रस्थानी जाऊन बसले. त्या पिढीच्या तरुणांना प्रथमच असे संगीत लाभले, जे त्यांचे होते आणि त्यांच्या वडीलमंडळींचे नव्हते. पण हा बहर अल्पजीवी ठरला. १९५८ साली एल्व्हिस प्रेस्ली सैन्यात भरती झाला. १९५९ च्या फेब्रुवारीत बडी हॉली विमान अपघातात गेला. चक बेरीला तुरुंगवास घडला. आणि १९६४ साली लिव्हरपूलचे चार तरुण, म्हणजे बीटल्स, न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले, तेव्हा कालचे नायक एका ऋतूत जुने होऊन गेले. मधल्या काळात कालची मुले संसाराला लागली होती, मिळवती झाली होती. नेडरने नेमके हेच हेरले.

त्या रात्री चक बेरी होता, ‘प्लॅटर्स’, ‘कोस्टर्स’ आणि ‘शिरेल्स’ ही गायकवृंदे होती. यांच्याच पंक्तीला ‘शा ना ना’ नावाचा एक संच होता. ही कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी मंडळी. केसांना चापून तेल लावून, पंधरा वर्षांपूर्वीचा पोशाख करून ती जुनी गाणी म्हणत. यांचा विसर पडू देऊ नका. शेवटी यांच्यापाशीच यावयाचे आहे.

जलसा यशस्वी झाला. पुढे असे जलसे मोठ्या सभागृहात होऊ लागले, गावोगाव फिरू लागले. तथापि या सौद्याची खरी अट उघड झाली ती दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९७१ रोजी. त्या रात्रीच्या कलावंतांत रिक नेल्सन होता. आईवडिलांसह दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकेत लहानाचा मोठा झालेला हा गोंडस मुलगा साऱ्या देशाने पाहिला होता. आता तो ३१ वर्षांचा होता. केस खांद्यावर रुळत होते, अंगात मखमली सदरा होता, सोबतीला नवा वाद्यवृंद होता. आरंभी त्याने आपली जुनी गाणी म्हटली. नंतर ‘रोलिंग स्टोन्स’ या तत्कालीन संचाचे एक नवे गाणे घेतले. प्रेक्षकांतून हुर्यो उठली. मागल्या बाजूस पोलिसांनी काही दांडगटांना हटकले, त्यावरून ती हुर्यो होती, असेही काही जण म्हणतात. नेल्सनने मात्र ती आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून रंगमंच सोडला.

त्या रात्रीवर त्याने ‘गार्डन पार्टी’ हे गाणे रचले आणि १९७२ साली ते राष्ट्रीय यादीत सहाव्या स्थानी पोहोचले. यथावकाश तेही जुने झाले आणि श्रोते त्याचीही फर्माईश करू लागले! १९८५ च्या ३१ डिसेंबरला एका कार्यक्रमाहून दुसऱ्या कार्यक्रमाला जाताना टेक्ससमध्ये विमान कोसळून तो गेला. अखेरपर्यंत तो दौऱ्यावरच होता.

प्रेक्षकांना दोष देणे सोपे आहे. साठीच्या घरात आलेल्या बालगंधर्वांना स्त्रीवेषात पाहावयास आपल्याकडील रसिक जात, तेव्हा ते समोरच्या नटाला पाहत होते की आपल्या तारुण्याला, हे त्यांनाही सांगता आले नसते. पण त्यांनी निदान हुर्यो केली नाही, एवढे पदरात घालावे लागेल.

कलावंत तरी ही अट का पतकरतात? याचे उत्तर बव्हंशी हिशेबाच्या वहीत सापडते. रूथ ब्राउन या कृष्णवर्णी गायिकेच्या ध्वनिमुद्रिकांवर पन्नाशीच्या दशकात अटलांटिक ही कंपनी उभी राहिली, असे लोक उघडपणे म्हणत. साठीच्या दशकात हीच बाई पोटासाठी दुसऱ्यांच्या घरची कामे करीत होती, शाळेची बस चालवीत होती. कंपनीच्या वहीत उलट तिच्याच नावे देणे निघत होते. तिने वकिलामार्फत चिकाटीने दाद मागितली. अखेर १९८८ साली कंपनीने मागील रकमा चुकत्या केल्या, आणि तिच्यासारख्या जुन्या कलावंतांसाठी एक प्रतिष्ठान उभे राहिले. तोवर रंगमंचाने तिला हात दिला होता; १९८९ साली ब्रॉडवेवरील भूमिकेबद्दल तिला टोनी पारितोषिक मिळाले.

कायद्याचाही यात वाटा आहे. गाणे नभोवाणीवर वाजले की गीतकाराला आणि संगीतकाराला मोबदला मिळतो. गायकाला अमेरिकेतील साध्या नभोवाणी केंद्राने काही देण्याचे बंधन आजवर नाही. १९६१ च्या रोम करारात ते राष्ट्र सामील झाले नाही. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांना तर २०१८ पर्यंत केंद्रीय कायद्याचे पुरेसे संरक्षणच नव्हते. अशा स्थितीत ज्याचा गळा शाबूत आहे त्याने पेटी भरावी आणि गाडीत बसावे, याखेरीज उपाय कोणता?

आणि गळाही पुरेसा नव्हता, कारण नाव अनेकदा दुसऱ्याच्या मालकीचे असे. ‘कोस्टर्स’ आणि ‘प्लॅटर्स’ या नावांचे अनेक संच एकाच वेळी दौरे काढीत, आणि त्यांतील कित्येकांत मूळचा एकही गायक नसे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि १७७६ साली देहान्त होईपर्यंत त्याला माणसे मिळत गेली, ती केवळ त्याच्या कसबाने नव्हे. भाऊसाहेब परत यावेत असे लोकांना मनापासून वाटत होते. या जलशांतही तेच झाले. खरे कोस्टर्स मात्र आपलेच नाव लावण्यासाठी न्यायालयाची पायरी चढत होते.

चालू शतकाच्या पहिल्या दशकापासून अमेरिकेतील अनेक राज्यांनी याविरुद्ध कायदे केले: मूळ ध्वनिमुद्रणातील एक तरी गायक संचात असल्याखेरीज, किंवा नावाचा रीतसर हक्क असल्याखेरीज ते नाव लावता येणार नाही, अन्यथा केवळ नक्कल आहे असे स्पष्ट सांगावे लागेल. हे कायदे व्हावेत म्हणून राज्याराज्यांतून फिरून खटपट करणाऱ्यांत जॉन बाउमन पुढे होता. हा ‘शा ना ना’ संचातला, तेल लावून जुन्या काळाचे सोंग घेणारा गायक.