वादळाचं नाव घ्यायचं नाही

आमच्या घरी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसत, 'लांबडं' म्हणत. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्यानंही एकदा असंच केलं. तिथं वसंत म्हणजे टोर्नेडोचा, ढगातून सोंडेसारख्या उतरणाऱ्या वावटळीचा हंगाम. १८८४च्या वसंतात जॉन फिन्ली यांनी विभागवार २,८०३ अंदाज वर्तवले. ९६.६ टक्के बरोबर! गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की रोज 'टोर्नेडो नाही' एवढंच म्हटलं असतं तर ९८.२ टक्के जमलं असतं. हिशेब बिनतोड. पण फिन्लींनी शंभरदा धोका सांगितला आणि अठ्ठावीसदा टोर्नेडो आलाच, हे त्या टक्केवारीत बुडालं. पुढं लोक घाबरतील म्हणून अंदाजातून तो शब्दच काढला, तो अनेक दशकं. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार लागतं.

२० मार्च १९४८ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडोनं विमानांचा चुराडा केला. पाचच दिवसांनी फॉबश आणि मिलर या लष्करी अधिकाऱ्यांना नकाशावर तीच चिन्हं दिसली. कचरतच त्यांनी तो शब्द लिहिला. विमानं आत घेतली, माणसं आडोशाला गेली. संध्याकाळी टोर्नेडो त्याच तळावर आला.