पेट्रोलची गाडी, विजेची मोटर आणि आरटीओची नोंद

मिरा रोड स्थानकाच्या पूर्वेला नया नगर आहे. तिथल्या इमारतींच्या तळाशी आणि गल्ल्यांच्या कडेला गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. त्यांतल्या कित्येक पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या असतात. खासगी मोटारीची पहिली नोंदणी तेवढीच वर्षे चालते, पुढे फेरतपासणी आणि नूतनीकरण करावे लागते. पत्रा शाबूत, चाके शाबूत, दमले आहे ते फक्त इंजिन. मग तेवढेच काढून तिथे विजेची मोटर बसवली तर?

प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे.

वाहन तेच ठेवायचे आणि ओढणारी शक्ती बदलायची, हा उद्योग मुंबईने फार पूर्वीपासून केला. ९ मे १८७४ रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि घोड्यांची गरज संपली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली. पश्चिमेकडच्या बीबीसीआय कंपनीने १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्ग विजेवर आणला आणि १९३६ मध्ये तारा विरारपर्यंत नेल्या. म्हणजे नया नगर वसण्याच्या कितीतरी आधी, मिरा रोडच्या खाजणांतून जाणाऱ्या रुळांवर वाफेची जागा विजेने घेतली होती. पुढे त्याच मार्गाचा १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. ते काम २०१२ मध्ये पुरे झाले, आणि तोवर दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल धावत होत्या.

रेल्वेला एक सोय होती. तिची वीज डोक्यावरच्या तारेतून येते. मोटारीला आपली वीज पाठीवर वाहून न्यावी लागते, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीची धाकटी बहीण नाही, दोघी जवळपास एकाच वयाच्या. १८९७ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर विजेच्या टॅक्सी होत्या. १८९९ मध्ये कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा टप्पा प्रथम ओलांडला. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला, हँडल फिरवण्याचा त्रास गेला आणि पेट्रोलने बाजी मारली. ज्या विजेवर मात केली तिचीच मदत घेऊन, ही यातली गंमत.

भारतात गाडीचे इंधन बदलण्याची पहिली मोठी लाट टंचाईमुळे आली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि मोटारी-बसच्या मागे कोळशाच्या भट्ट्या दिसू लागल्या. अपुऱ्या हवेत लोणारी कोळसा जाळला की कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला ज्वलनशील वायू निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. ताकद घटे, चढावर गाडी धापा टाकी, सकाळी भट्टी पेटवण्यात वेळ जाई. पण गाडी चाले. युद्ध संपले, पेट्रोल आले आणि भट्ट्या उतरल्या.

दुसरी लाट न्यायालयाने आणली. १९९० च्या दशकाअखेरीस मुंबईच्या हवेचा प्रश्न जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनावर जाण्याचे आदेश निघाले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसचे पंप तेव्हा शहरात पसरत होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या हजारो पद्मिनींच्या डिकीत सिलिंडर बसले आणि प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरियरवर गेले. किट आणि ते बसवणारे गॅरेज या दोन्हींना मान्यता लागे, आणि शेवटी आरटीओत जाऊन नोंदणी पुस्तकात इंधन बदलून घ्यावे लागे. आज ज्या वाटेने विजेच्या किटला जावे लागते, ती वाट या टॅक्सींनी पाडली.

मात्र सीएनजीत इंजिन जागेवरच राहते. विजेच्या रूपांतरात ते जाते. टाकी, रेडिएटर, सायलेन्सरही जातात. गिअरबॉक्स बहुधा ठेवतात. मोटरचा दांडा त्याच्याशी जोडण्यासाठी लेथवर खास पट्टी करावी लागते, आणि ती केसभर वाकडी असली तरी बेअरिंग खाते. मोटरला किती प्रवाह द्यायचा ते कंट्रोलर ठरवतो. दिवे आणि वायपर यांना १२ व्होल्ट हवे असतात, त्यासाठी वेगळे यंत्र लागते. ब्रेकची गोष्ट तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. पेट्रोल गाडीच्या ब्रेकला पायाखाली हलकेपणा येतो तो इंजिनाच्या शोषणामुळे. इंजिन गेले की ब्रेक दगडासारखा होतो, म्हणून विजेचा निर्वात पंप बसवावा लागतो.

अमेरिकेत हौशी लोक हे घरच्या गॅरेजात करू लागले ते १९६० च्या दशकात. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांची इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन ही संस्था उभी राहिली, आणि १९७३ च्या तेलसंकटाने या छंदाला बळ दिले. त्यांच्या हाती होत्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या. हिशेब सोपा आहे. छोट्या मोटारीला १०० किलोमीटरसाठी साधारण १५ युनिट वीज लागते. एक किलो शिसे-बॅटरी सुमारे ३५ वॅट-तास साठवते, म्हणजे ४०० किलोंहून अधिक बॅटरी हवी. पद्मिनीचे स्वतःचे वजनच ९०० किलोंच्या आसपास! लिथियमच्या बॅटरीत हेच काम १०० किलोंच्या घरात होते. घरगुती रूपांतर कल्पनेतून व्यवहारात आले ते या फरकामुळे.

भारतातला खरा पेच कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. २००० च्या दुरुस्तीत किट बसवून इंधन बदलण्याची वाट मोकळी झाली आणि तिथे सीएनजीच्या जोडीला 'बॅटरी' हा शब्दही आला. पण विजेच्या किटसाठी सविस्तर नियम यायला २०१६ आणि त्यापुढची वर्षे उजाडली. एआयएस-१२३ या मानकानुसार किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते, मान्यता ठरावीक मॉडेलांपुरती असते, आणि किट उत्पादकाने अधिकृत केलेल्या माणसानेच ते बसवायचे असते. त्यामुळे स्वतःच्या हाताने उत्तम गाडी घडवणाऱ्यालाही ती रस्त्यावर आणता येत नाही. जर्मनीत अशा एकट्या गाडीची तपासणी होऊन परवाना मिळू शकतो. फ्रान्सने २०२० मध्ये नियम करून रूपांतराला वाट दिली, पण तीही मुख्यत्वे मान्य किटच्या मार्गाने. शेकडो व्होल्टच्या बॅटरीत चूक झाली तर आग लागते, तेव्हा सक्ती समजण्यासारखी आहे. एकट्या कारागिरासाठी तपासणीची एकही खिडकी नसावी, हे मात्र पटणारे नाही.

महाराष्ट्रात हे काम कंपन्यांनी हाती घेतले. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टने मारुती डिझायरसाठी किट तयार केले. ठाणे जिल्ह्यातल्याच गोगोए-वन या कंपनीने २०२१ मध्ये हिरो स्प्लेंडरसाठी आरटीओमान्य किट आणले. किंमत सुमारे ३५,००० रुपये, बॅटरी वेगळी, आणि एका चार्जिंगमध्ये १५१ किलोमीटर हा कंपनीचा दावा. मोटारीचे रूपांतर याच्या कित्येक पट महाग पडते, म्हणून जुन्या गाडीच्या बाजारभावाशी त्याचा मेळ बसणे कठीण. पद्मिनीला तर ही संधी मिळालीच नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली.

नया नगरसारख्या वस्तीत यापुढेही एक अडचण उरते. अमेरिकेतल्या हौशी माणसाला घराशेजारी गॅरेज होते, इथे गाडीवर चौथ्या-पाचव्या मजल्यांची घरे. स्कूटरची बॅटरी काढता येत असेल तर ती पिशवीत घालून वर नेता येते. मोटारीची १०० किलोंची बॅटरी खालीच राहते. १५ अँपिअरच्या प्लगवरून ३ किलोवॉटने १५ युनिट भरायला पाच तास लागतात, आणि तो प्लग कोणाच्या मीटरवर असावा, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला ठरवावे लागते.