जुन्या गाडीच्या कॅसेट-रेडिओला ऑक्स इनपुट कसा जोडायचा?

माझ्या मामाची पिकअप रात्री नारायणगावहून टोमॅटो घेऊन निघते आणि माळशेज उतरून पहाटे वाशी मार्केटला पोचते. झोप येऊ नये म्हणून मामा एका कानात इअरफोन घालून गाणी ऐकायचा. मागच्या पावसाळ्यात मी त्याच्यासोबत गेले होते. घाटात इतकं धुकं होतं की समोरच्या गाडीचा फक्त हॉर्न कळत होता. एका वळणावर तो मला ऐकू आला, मामाला नाही. परत आल्यावर ठरवलं, फोनचा आवाज गाडीच्या स्पीकरमधूनच आला पाहिजे.

गाडीत कंपनीनेच बसवलेला कॅसेट-रेडिओ आहे. रेडिओ उत्तम चालतो, कॅसेटचा बेल्ट मात्र कधीच वितळलाय. सरळ सल्ला विचाराल तर नवीन स्टिरिओ घ्या. सिंगल डिनचा खाचा साधारण १८० बाय ५० मिमी असतो आणि त्यात यूएसबी-ब्लूटूथवाला सेट आरामात बसतो. पण मामाचं म्हणणं, "अगं, मार्केटच्या पार्किंगमधून लोकांचे नवीन सेट गेलेत. हा खटारा कोण चोरणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग उरतात तीन रस्ते. पहिला कॅसेट अॅडॉप्टर. त्यात छोटं हेड असतं, ते टेपच्या हेडला चुंबकीय सिग्नल देतं. स्वस्त आणि मस्त, पण कॅसेटची यंत्रणा चालू हवी, म्हणून आमच्यासाठी बाद. दुसरा एफएम ट्रान्समीटर. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधली रिकामी जागा शोधायची आणि रेडिओ तिथे लावायचा. आमच्या भागात जागा मिळते (शेजारच्या खोडदला ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली, त्यामागे इथला कमी रेडिओ-गोंगाट हेही एक कारण होतं). पण कल्याण जवळ आलं की त्याच जागेवर कुठलंतरी स्टेशन घुसतं आणि चालत्या गाडीत बटणं दाबत बसावं लागतं. मला नेमकं तेच टाळायचं होतं.

तिसरा रस्ता म्हणजे सेट उघडून ऑक्स काढणं. व्हॉल्यूमचा नॉब खरोखर फिरून थांबत असेल, म्हणजे आत पोटेन्शिओमीटर असेल, तरच हे सोपं आहे. नॉब गोल गोल फिरतच राहत असेल तर तो डिजिटल आहे, त्याच्या नादी लागू नका.

रेडिओ असो वा कॅसेट, दोन्हींचा सिग्नल शेवटी या व्हॉल्यूमपाशी येतो आणि तिथून अॅम्प्लिफायरला जातो. आपण तिथेच शिरायचं. टेपच्या हेडला वायर जोडायचा मोह होतो, पण तिथला सिग्नल एक मिलीव्होल्टपेक्षाही कमी असतो, फोनचा त्याच्या शेकडो पट. आवाज नुसता फाटतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टिरिओ व्हॉल्यूमला डाव्या-उजव्या बाजूसाठी तीन-तीन पाय असतात, लाउडनेसचा एखादा जास्तीचा पायही सापडेल. मल्टिमीटर लावून जो पाय सेटच्या ग्राउंडशी जोडलेला दिसेल तो ग्राउंड. आवाज पूर्ण कमी केल्यावर ज्याचा ग्राउंडशी रेझिस्टन्स जवळपास शून्य होतो तो अॅम्प्लिफायरकडे जाणारा. उरलेला आपला.

त्या पायाकडे येणारा ट्रॅक तोडून मध्ये ३.५ मिमीचा स्विचवाला जॅक टाकायचा. याला पाच टोकं असतात. पिन नसेल तेव्हा आतले काँटॅक्ट चिकटलेले राहतात आणि रेडिओ नेहमीसारखा वाजतो. पिन घातली की रेडिओची वाट तुटते आणि फोनची जोडली जाते. वेगळं बटण लागत नाही. जॅक आणि व्हॉल्यूमच्या मध्ये प्रत्येक बाजूला १ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घाला, म्हणजे सेटमधला डीसी फोनपर्यंत येणार नाही. व्हॉल्यूम १० किलोओहमचा असला तरी यामुळे साधारण १६ हर्ट्झच्या खालचाच आवाज कमी होतो, तो तसाही कोणाला ऐकू येत नाही. वायर शील्डवाली वापरा.

एक गोष्ट अजिबात करू नका: फोनची वायर थेट स्पीकरच्या वायरला जोडणं. बऱ्याच सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरांवर सुमारे ६ व्होल्ट डीसी असतो. फोन जाईल, नाहीतर सेटची आयसी.

अंगणात सगळं झकास वाजलं आणि मी खूश होऊन पुण्याला परतले. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. "गाण्यात डास शिरलाय. अॅक्सिलरेटर दाबला की जास्तच ओरडतो." मी इंजिन बंद ठेवून टेस्ट केलं होतं! ऑफिसात कोणी असं टेस्टिंग केलं असतं तर मीच सुनावलं असतं. फोन गाडीच्याच चार्जरवर लावला होता. चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेलं, लूप झाला आणि अल्टरनेटरचा आवाज त्यातून शिरला. चार्जर काढायला सांगितला, डास गायब. पण रात्रभर नकाशा चालू म्हणजे चार्जिंग हवंच. म्हणून मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, ग्राउंडची तांब्याची जोडणी राहत नाही.

फोनला हेडफोन जॅक नसेल तर टाइप-सीचा डॅकवाला डोंगल घ्या. नाहीतर ब्लूटूथ रिसीव्हर, पण त्याला ५ व्होल्ट लागतात. मोठ्या ट्रकांमध्ये बहुधा २४ व्होल्टची यंत्रणा असते, तेव्हा चार्जरवर १२–२४ व्होल्ट लिहिलंय का ते आधी बघा.

फोनचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवून बाकीचं नॉबने करायचं, हे मामाला जमलंय. घाटात रेंज जाते म्हणून गाणी आधी डाउनलोड करायची, हे अजून नाही. तिथे तो पिन काढतो आणि रेडिओ लावतो.